ॲल्युमिनियमचा धूर आणि विजेचे बिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्राचे विद्यार्थी, पॉटरूममध्ये (ॲल्युमिनियम काढणाऱ्या भांड्यांच्या दालनात) नव्याने लागलेले इंजिनिअर आणि युरोपच्या ग्राहकाने ‘तुमच्या मालाचा कार्बन किती?’ (म्हणजे तो बनवताना कार्बन डायऑक्साइड किती सुटला) असे विचारल्यामुळे गडबडलेले निर्यातदार, या तिघांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. म्हणून ते एकाच ठिकाणी घेतले आहेत. अनुक्रम जमेल तसा आहे. घाई असेल तर चौथा, सातवा आणि दहावा प्रश्न आधी वाचा.

१. ॲल्युमिनियम विजेने वितळवतात, असेच ना?

नाही. वितळवणे हा त्यातला किरकोळ भाग. खरे काम ऑक्सिजन सोडवण्याचे. लोखंडाच्या खनिजातला ऑक्सिजन कोळसा ओढून घेतो, पण ॲल्युमिनियमच्या बाबतीत ते नेहमीच्या भट्टीत जमत नाही. तिथे वीज लागते. ॲल्युमिना, म्हणजे बॉक्साइटपासून मिळणारे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, वितळायला २,००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान हवे. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी स्वतंत्रपणे तोडगा काढला: वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (हे एक फ्लोराइड खनिज) ॲल्युमिना विरघळवा, मग सुमारे ९६० अंशांवर भागते. (दोघांचा जन्म १८६३ चा आणि दोघे गेलेही १९१४ मध्येच.)

दहावीत काढलेली आकृती आठवा. वरून कार्बनचे धनाग्र म्हणजे ॲनोड, खाली कार्बनचा तळ, मधे द्रव. पॉटरूममध्ये या द्रवाला ‘बाथ’ म्हणतात आणि सगळ्या भांड्याला ‘पॉट’. तळाशी धातू साठतो, तो ठरावीक वेळाने ओढून काढतात, ते ‘टॅपिंग’. आकृतीत जे दिसत नाही ते म्हणजे आकार. एका पॉटला व्होल्टेज लागते जेमतेम ४ ते ४.५, पण प्रवाह लाखो अँपियर. शेकडो पॉट एकामागे एक जोडून पॉटलाइन बनते. ३६० किलोअँपियरचा एक पॉट दिवसाला साधारण २.७ टन धातू देतो.

२. पॉटमधून नेमके कोणते वायू निघतात?

सर्वांत जास्त कार्बन डायऑक्साइड. त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. बाथमधल्या फ्लोराइडमुळे हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लोराइडची धूळ. ॲनोड बनतो तो पेट्रोलियम कोकपासून आणि कोकमध्ये गंधक असते, म्हणून सल्फर डायऑक्साइड. आणि पॉट बिघडला की दोन वायू, टेट्राफ्लुओरोमिथेन आणि हेक्झाफ्लुओरोइथेन. हे दोन वजनाने नगण्य आणि परिणामाने भयंकर. त्यांच्यासाठी सातवा प्रश्न राखून ठेवला आहे.

३. ॲनोडच जळतो म्हणतात. टनामागे किती कार्बन जातो?

ॲनोड ही इथे नुसती विजेची दांडी नाही, तो कच्चा माल आहे. ॲल्युमिनाचे दोन रेणू आणि कार्बनचे तीन अणू मिळून ॲल्युमिनियमचे चार अणू आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू होतात. या समीकरणाने एक टन धातूला ३३४ किलो कार्बन पुरायला हवा आणि त्यातून १.२२ टन कार्बन डायऑक्साइड निघायला हवा.

प्रत्यक्षात निव्वळ खप ४०० किलोच्या पुढे जातो आणि वायू दीड टनाच्या आसपास निघतो. वरचा कार्बन जातो कुठे? काही ॲनोडच्या उघड्या पाठीवर हवेत जळतो. त्यासाठीच ॲनोडवर ॲल्युमिना आणि कुटलेल्या बाथचे जाड पांघरूण घालतात. ते नीट घातले आहे की नाही हे महिनाअखेरीला कार्बनच्या हिशेबात दिसते. काही कार्बनवर तापलेला कार्बन डायऑक्साइड हल्ला करतो आणि मोनॉक्साइड बनतो. काही भुगा होऊन बाथमध्ये तरंगतो. चांगला भाजलेला ॲनोड आणि नीट घातलेले पांघरूण, एवढ्यावर टनामागे कितीतरी किलोंचा फरक पडतो. ही कामे दिसायला साधी, म्हणूनच दुर्लक्षित.

४. धुरावरून पॉटची कार्यक्षमता कळते, हे खरे आहे का?

खरे आहे. आधी ‘प्रवाह कार्यक्षमता’ म्हणजे काय ते पाहू. फॅरेडेच्या नियमाने १,००० अँपियर तासभर वाहिले की ३३५.६ ग्रॅम ॲल्युमिनियम मिळायला हवे. मिळते त्याच्या ९२ ते ९६ टक्के. उरलेले बनलेच नाही असे नाही. बनले आणि परत गेले. तळाच्या धातूचा थोडा अंश बाथमध्ये विरघळतो, वर चढतो, तिथे कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांना भेटतो आणि पुन्हा ॲल्युमिना होऊन बसतो. वीज खर्च झालेली असते, माल हाती नाही. मात्र या उलट्या क्रियेत डायऑक्साइडचा मोनॉक्साइड होतो, आणि चोरीचा पुरावा म्हणून तोच वायू मागे राहतो.

पिअर्सन आणि वॅडिंग्टन या दोघांनी १९४७ मध्ये मांडलेले सूत्र यावरच उभे आहे: वायूतल्या डायऑक्साइडच्या टक्केवारीचे निम्मे करा, त्यात ५० मिळवा. डायऑक्साइड ८८ टक्के आणि मोनॉक्साइड १२ टक्के असेल तर प्रवाह कार्यक्षमता ९४ टक्के.

पण हे सूत्र डोळे मिटून वापरू नका. मोनॉक्साइड फक्त उलट्या क्रियेतूनच येतो असे ते धरून चालते. ॲनोडचा कार्बन आणि डायऑक्साइड यांच्यात मोनॉक्साइड बनला तर सूत्र पॉटला नाहक नापास करते. नमुना घेताना हवा आत शिरली आणि मोनॉक्साइड जळून गेला तर उलट, पॉट आहे त्यापेक्षा हुशार दिसतो. शिवाय ॲनोड आणि धातू यांच्यात सरळ शॉर्ट होऊन वाया गेलेली वीज या वायूत दिसतच नाही. म्हणून कारखान्यात महिन्याचा हिशेब टॅपिंगच्या वजनावरूनच होतो. वायूचे विश्लेषण त्याहून जलद निदान देते, एवढाच त्याचा मान.

५. एक किलो ॲल्युमिनियमला वीज किती लागते?

सूत्र सोपे आहे: पॉटचे व्होल्टेज गुणिले २.९८, भागिले प्रवाह कार्यक्षमता. ४.२ व्होल्ट आणि ९४ टक्के धरले तर किलोला १३.३ युनिट. दिष्टीकरण (प्रत्यावर्ती विजेची दिष्ट वीज करणे), पंखे, कॉम्प्रेसर धरून टनाला साधारण १४,००० युनिट म्हणा. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घराला एवढी वीज पावणेआठ वर्षे पुरेल.

सैद्धांतिक किमान गरज मात्र किलोला ६.३ युनिटच्या आसपास आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त वीज उष्णता होऊन भिंतींतून, वरच्या झाकणातून आणि धुरातून निघून जाते. ऑक्साइड मोडून धातू काढायला जेमतेम १.२ व्होल्ट लागतात. बाकीचे व्होल्ट बाथचा रोध, ॲनोडवर क्रिया चालू ठेवायला लागणारे जादा व्होल्ट, कार्बनचा तळ आणि बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या) यांत विखुरतात.

६. मग व्होल्टेज कमी करत का नाहीत?

करतात, आणि त्यासाठी दशांश व्होल्टसाठी भांडतात. पॉटवर ०.१ व्होल्ट वाचला की टनामागे ३०० हून जास्त युनिट वाचतात. वर्षाला ४ लाख टन काढणाऱ्या कारखान्यात ही बचत १२ कोटी युनिटच्या पुढे जाते.

सर्वांत मोठा रोध बाथचा. ॲनोड खाली उतरवून धातूच्या जवळ नेला की तो घटतो. पण हे अंतर आधीच ४-५ सेंटिमीटरवर आलेले असते. लाखो अँपियरच्या चुंबकीय क्षेत्रात खालचा वितळलेला धातू स्थिर राहत नाही, त्यावर लाटा उठतात. ॲनोड फार जवळ आणला तर लाट त्याला टेकते, धातू बाथमध्ये जास्त मिसळतो, चौथ्या प्रश्नातली उलटी क्रिया वाढते. व्होल्टेज वाचवले, कार्यक्षमता गमावली. म्हणून नव्या पॉटमध्ये बसबारची मांडणी चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतील अशी करतात.

दुसरी अडचण उष्णतेची. पॉटच्या आतल्या बाजूला गोठलेल्या बाथचा थर असतो, तोच भिंतीचे रक्षण करतो. पॉट फार चांगला झाकला तर हा थर वितळतो आणि बाथ भिंत खातो. म्हणजे थोडी उष्णता मुद्दाम सोडावीच लागते.

सोपा आणि लागू पडलेला उपाय म्हणजे ॲनोडच्या तळाला खाचा पाडणे. ॲनोडखाली वायूचे बुडबुडे चिकटून राहतात आणि वीज अडवतात. खाचांतून ते लवकर निसटतात.

नॉर्वेत कार्मॉय इथे हायड्रो कंपनीने २०१८ मध्ये ७५,००० टन क्षमतेचा प्रायोगिक विभाग सुरू केला, त्याचे लक्ष्य किलोला १२.३ युनिट होते. इतक्या वर्षांच्या सुधारणेनंतर एक युनिट खाली यायला किती कष्ट पडतात, याचा त्यावरून अंदाज येतो.

७. ‘ॲनोड इफेक्ट’ला एवढे का घाबरतात?

बाथमध्ये विरघळलेला ॲल्युमिना सामान्यतः २ ते ४ टक्के ठेवतात. तो त्याखाली घसरला की ॲनोडला फोडायला ऑक्साइड उरत नाही. मग वीज फ्लोराइडवर चालून जाते. कार्बन आणि फ्लोरिन एकत्र येऊन टेट्राफ्लुओरोमिथेन आणि थोडा हेक्झाफ्लुओरोइथेन बनतो. ॲनोडखाली वायूचा पडदा धरतो आणि चार व्होल्टचा पॉट क्षणात वीस-तीस व्होल्टवर जातो. हाच ॲनोड इफेक्ट. पूर्वी पॉटवर दिवा लावलेला असे, तो पेटला की कामगार हिरवे लाकूड बाथमध्ये खुपसून बुडबुडे घुसळून काढत. आजही काही ठिकाणी लाकूड तयार ठेवलेले दिसते.

जुन्या लोकांचा एक समज होता की अधूनमधून ॲनोड इफेक्ट झालेला बरा, तळाचा गाळ साफ होतो. तेव्हा या वायूंचा हिशेब कोणी मागत नव्हता. आता मागतात, कारण शंभर वर्षांच्या मोजणीत टेट्राफ्लुओरोमिथेनचा एक किलो ७,३८० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात, हेक्झाफ्लुओरोइथेनचा १२,४०० किलोच्या. पहिला वातावरणात सुमारे ५०,००० वर्षे टिकतो. पकडायला धुरातली जाळी उपयोगाची नाही, कारण तो कशालाच चिकटत नाही. बनू न देणे हाच मार्ग.

समजा, टनामागे फक्त ५० ग्रॅम टेट्राफ्लुओरोमिथेन सुटला. त्याची बरोबरी ३६९ किलो कार्बन डायऑक्साइडशी होते, म्हणजे ॲनोडच्या दीड टनात जवळजवळ चौथा हिस्सा भर. आणि त्या मिनिटांत पॉट धातू न बनवता पाच-सात पट वीज खात असतो, हे वेगळेच.

उपाय म्हणजे पॉइंट फीडर. एकदम पोतेभर ॲल्युमिना न ओतता काही मिनिटांच्या अंतराने किलो-दोन किलो सोडायचा आणि रोधाचा आलेख बघून संगणकाने मात्रा ठरवायची. जगभरात टनामागचे हे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत खूपच खाली आले, त्याचे बरेच श्रेय या फीडरला. मात्र मोठ्या पॉटमध्ये एखाद्याच कोपऱ्यातल्या ॲनोडखाली ॲल्युमिना कमी पडतो, एकूण व्होल्टेज फारसे हलत नाही, आणि वायू मात्र हळूहळू सुटत राहतो. व्होल्टेजवर विसंबणारी यंत्रणा तो मोजतच नाही. म्हणून ‘आमच्याकडे ॲनोड इफेक्ट जवळजवळ शून्य’ हे वाक्य वाचून लगेच टाळ्या वाजवू नयेत.

८. फ्लोराइडमुळे गुरे लंगडी होतात, असे ऐकले. अजूनही?

विसाव्या शतकात नॉर्वे आणि स्कॉटलंडमधल्या जुन्या स्मेल्टरभोवती (ॲल्युमिनियम काढणाऱ्या कारखान्यांभोवती) ते झाले होते. गवतावर बसलेले फ्लोराइड जनावरांच्या पोटात जाते, दात झिजतात, हाडांना गाठी येतात. हायड्रोजन फ्लोराइड बनतो तो मुख्यतः ओलाव्यामुळे: ॲल्युमिनातले आणि हवेतले पाणी बाथशी भिडते. पावसाळ्याच्या दमट हवेत तो वाढतो.

यावरचा उपाय या धंद्यातला सर्वांत देखणा आहे. पॉटचा धूर ताज्या ॲल्युमिनाच्या झोतातून नेतात. ॲल्युमिना फ्लोराइड शोषून घेतो, तोच ॲल्युमिना पुढे पॉटमध्ये कच्चा माल म्हणून जातो. प्रदूषण अडते आणि महागडे फ्लोराइड परत मिळते. नीट चालला तर हा कोरडा स्क्रबर ९९ टक्क्यांहून जास्त फ्लोराइड पकडतो. सल्फर डायऑक्साइड मात्र त्यातून निसटतो, त्यासाठी वेगळी धुलाई लागते.

चिमणीचा आकडा चांगला असला तरी छतातून किती गेले ते विचारा. ॲनोड बदलताना पॉटचे हूड (धूर अडवणारे झाकण) उघडावे लागते, आणि तुटके किंवा वाकडे हूड बसतच नाही. बहुतेक गळती तिथली असते.

९. सोडरबर्ग पॉट म्हणजे काय?

ॲनोड आधी भाजून न आणता डांबर-कोकची लापशी पॉटवरच भाजणारी जुनी पद्धत. त्यात डांबराची वाफ पॉटरूममध्येच सुटते. कामगारांमधल्या मूत्राशयाच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झाला आहे. नवे कारखाने ती घेत नाहीत.

१०. भारतीय ॲल्युमिनियमचा कार्बन जास्त का धरतात?

पॉट वाईट आहेत म्हणून नव्हे. मध्य प्रदेशातल्या महान आणि ओडिशातल्या आदित्य या कारखान्यांत हिंडाल्को कंपनीचे ३६० किलोअँपियरचे फ्रेंच तंत्रज्ञानाचे पॉट आहेत, ते जगात कुठेही शोभतील. फरक विजेचा आहे. ओडिशात अंगुलला नाल्को या सरकारी कंपनीचा स्मेल्टर ४.६ लाख टनांचा आणि त्याच्या जोडीला स्वतःचे १,२०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र. झारसुगुडा, कोरबा, रेणुकूट, सगळीकडे कथा तीच, कोळशाच्या खाणीजवळ स्मेल्टर.

हिशेब करा. १४,००० युनिट, युनिटला कोळशाचा साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १४ टन. पॉटचा स्वतःचा दीड टन. ॲल्युमिना बनवण्याचा वेगळा. नॉर्वे किंवा क्युबेकमध्ये जलविद्युत असल्याने तोच सारा प्रवास चार टनांच्या आसपास आटोपतो. थोडक्यात, आपल्या ॲल्युमिनियमचा मोठा धूर पॉटरूमच्या चिमणीतून निघतच नाही, शेजारच्या उंच चिमणीतून निघतो. आणि म्हणून इथे पॉटवर वाचवलेले प्रत्येक युनिट नॉर्वेपेक्षा कितीतरी जास्त वायू वाचवते.

११. महाराष्ट्रात बॉक्साइट आहे, मग स्मेल्टर का नाही?

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या पट्ट्यात बॉक्साइट आहे. तिथला माल वर्षानुवर्षे बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे गेला. एके काळी बेळगावात स्मेल्टरही होता. पण स्मेल्टरची जागा बॉक्साइट ठरवत नाही, वीज ठरवते. बॉक्साइट आणि ॲल्युमिना रेल्वेने किंवा जहाजाने जातो, १,२०० मेगावॉट स्वस्तात दूर नेता येत नाहीत. आपल्याकडे पुढची कामे आहेत: तळोज्याला पत्रा, नागपूरजवळ मौद्याला फॉइल. आणि नागपूरच्या वाडीला १९८९ पासून जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाखालचे. धातुशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्यांना या संस्थेची माहिती फार कमी असते.

१२. युरोपचा कार्बन कर आमच्या मालाला किती लागेल?

सीबॅम या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली. ॲल्युमिनियमसाठी त्यात पॉटमधला कार्बन डायऑक्साइड आणि सातव्या प्रश्नातले दोन वायू धरले जातात. विजेतले अप्रत्यक्ष उत्सर्जन सध्याच्या नियमांत ॲल्युमिनियमला लावलेले नाही. म्हणजे दहाव्या प्रश्नातले १४ टन सध्या त्या हिशेबाबाहेर. भारतीय निर्यातदाराला हा दिलासा, पण नियम बदलू शकतात. तुमच्या पुरवठादाराकडून प्रत्यक्ष मोजलेले आकडे घ्या. आकडे नसतील तर ठरवून दिलेले सरासरी आकडे लावतात, आणि ते सहसा तोट्याचे असतात.

१३. कार्बनच नसलेला ॲनोड आला की प्रश्न मिटला ना?

अर्धा. अल्कोआ आणि रिओ टिंटो यांनी २०१८ मध्ये कॅनडात एलिसिस ही कंपनी यासाठीच काढली. अशा ॲनोडवर ऑक्सिजन निघतो, कार्बन डायऑक्साइड नाही, आणि ॲनोड इफेक्टचे ते दोन वायूही नाहीत. पण जळणारा कार्बन ऑक्साइड मोडायला मदत करत होता, ती मदत गेली. १.२ व्होल्टच्या जागी २.२ व्होल्ट लागतात. नव्या ॲनोडवर इतरत्र थोडे व्होल्ट वाचतात. तरी ०.६ व्होल्ट जास्त लागले असे धरू. मग किलोला जवळजवळ दोन युनिट वाढतात. कोळशाच्या विजेवर त्याचे टनामागे दोन टन होतात आणि वाचले दीड टन. जलविद्युत असलेल्या देशासाठी हा ॲनोड सोन्यासारखा. आपल्यासाठी आधी वीज बदलणे फायद्याचे, माझे मत तरी स्पष्टपणे हेच आहे.

१४. पॉटचा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत का पुरत नाहीत?

धूर फार पातळ असतो. हूडखालून भरपूर हवा ओढली जाते, त्यामुळे डायऑक्साइड जेमतेम एक टक्का उरतो. कोळशाच्या चिमणीत तो दहा टक्क्यांच्या वर असतो. इतक्या पातळ धुरातून गॅस वेगळा करणे महाग पडते.

१५. सौर विजेवर स्मेल्टर चालेल का?

फक्त दिवसा, तर नाही. काही तास वीज गेली की बाथ गोठू लागतो आणि गोठलेली पॉटलाइन पुन्हा उभी करायला महिने जातात. साठवण किंवा पवन-जलविद्युतची जोड हवी. जर्मनीत एसेनला ट्रिमेट कंपनीने पॉटच्या भिंतींवर उष्णता कमी-जास्त सोडणारी यंत्रणा बसवून प्रवाह वर-खाली करण्याचा प्रयोग केला आहे.

१६. भंगाराचे काय?

जुने ॲल्युमिनियम वितळवायला नव्याच्या सुमारे ५ टक्के ऊर्जा लागते. ज्या भंगारवाल्याला आपण किलोमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, तो टनामागे हजारो युनिट वाचवतो. पण मागणी वाढत असलेल्या देशात भंगार पुरत नाही, म्हणून पॉट चालूच राहणार.

१७. कंपनीच्या अहवालातला ‘टनामागे इतके उत्सर्जन’ हा आकडा कसा वाचावा?

आधी बघा, त्यात काय धरले आहे: फक्त पॉट, की स्वतःचे वीज केंद्र, की ॲल्युमिनासुद्धा. दोन टनांचा आकडा आणि अठरा टनांचा आकडा एकाच कारखान्याचे असू शकतात. मग युनिटचा आकडा पॉटवरचा दिष्ट प्रवाहाचा आहे की प्रत्यावर्ती बाजूचा, ते पाहा. दोन्हींत काही टक्क्यांचा फरक पडतो. ॲनोड इफेक्टच्या वायूंचा आकडा मोजून आला की सूत्राने काढला, ते सहसा तळटीपेत असते. धातूत भंगार मिसळले आहे का, तेही विचारा, कारण ते मिसळून सरासरी खाली आणता येते.